गालातला तुकडा

"त्या पातेल्याला हात लावू नकोस," आई म्हणाली. "ते मैनाचं आहे."

मला लावायचाच नव्हता. मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी तिने जुनी एकेरी शेगडी मांडली होती आणि तिच्यावर अॅल्युमिनियमच्या पातेल्यात कोंबडीची कलेजी उकळत होती. वर करडा फेस जमला होता. आई तो पळीने काढून पेरूच्या बुंध्याशी टाकत होती, पदर नाकाला न लावता. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. वाढदिवसाचा केक आणायचा तर आई आधी बेकरीत जाऊन दोनदा विचारून यायची.

"वास स्वयंपाकघरात येतोय," मी म्हणाले.

"खिडकी लावली आहे."

"तरी येतोय."

"मग नाकही लावून घे," असं म्हणून ती स्वतःच हसली.

तो शनिवार होता. मी आदल्या संध्याकाळी पुण्याहून सांगलीला आले होते, कारण आईने फोनवर तीन वेळा सांगितलं होतं, रविवारी कोल्हापूरला मैनाचा पहिला डॉग शो आहे आणि तू रिंगच्या कडेला उभी हवीस. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवून आई निवृत्त झाली होती. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. दीड वर्षापूर्वी तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीने बॉक्सर जातीचं पिल्लू तिला दिलं. लस टोचायला नेलं तेव्हा जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "वाटवे बाई, हिचा बांधा बघा, हिला शोला उभी करा." ते वाक्य आईने जे धरलं ते सोडलंच नाही. जन्माची नोंद, वंशावळीचा कागद, जातीच्या लक्षणांची पुस्तिका, सगळं तिने मागवलं. त्या पुस्तिकेत तिने पेन्सिलने खुणा केल्या होत्या. छातीची खोली कोपरापर्यंत हवी. खालचा जबडा पुढे हवा, पण तोंड मिटल्यावर दात दिसता कामा नयेत.

मैनाचे दात दिसत नसत. लाळ दिसे. बॉक्सरचे ओठ सैल असतात आणि त्यांच्या दोन्ही कोपऱ्यांतून लाळेचे दोरे लोंबतात. मान झटकली की ते भिंतीवर, पलंगपोसावर, वाचत ठेवलेल्या पुस्तकावर जाऊन चिकटतात. वाळले की गोगलगाय फिरून गेल्यासारखी चकाकी राहते. आईने कमरेला एक पंचा खोचलेला असे आणि ती ती लाळ पुसत असे, लहान मुलाचं नाक पुसावं तशी, न बघता.

"फक्त एकदा बघ मला तिथे," ती म्हणाली. "मग काय बोलायचं ते बोल."

"मी काही बोलले नाही."

"तोंडाने नाही बोललीस."

दुपारी चारला इंगवले आले. हे पोलिसांच्या श्वानपथकातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ कोल्हापूरहून मोटारसायकलवर येऊन दर शनिवारी आईला शिकवत. किंवा मैनाला, कुणाला ते मला कळत नसे. घरासमोरच्या बोळात आईने मैनाला उभं केलं, मागचे पाय जरा मागे ओढून ठेवले, आणि पुडीतला कलेजीचा तुकडा हातात धरून तिच्यासमोर उभी राहिली. इंगवल्यांनी डोळे बारीक केले.

"बाई, कुत्रं हाताकडं बघतंय."

"बघणारच. हातात खाऊ आहे."

"म्हंजे मान खाली. तिची मान सगळ्यात चांगली हाय आणि तीच तुम्ही झाकून ठेवताय. जजला मान वर पायजे. तुमच्या तोंडाकडं बघायला पायजे तिनं."

"मग काय करायचं?"

इंगवले घुटमळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "न्हाई, ते तुमच्यात चालायचं न्हाई."

"काय चालायचं नाही, ते तरी सांगा."

"तुकडा हातात धरायचाच न्हाई. गालात धरायचा. अधनंमधनं काढून तिला द्यायचा. एकदा कळलं की खाऊ तोंडातनं येतोय, की कुत्रं तोंडावरची नजर काढत न्हाई. सगळे करत्यात, मोठमोठे हँडलर करत्यात. पण तुम्ही राहू द्या बाई. उद्या मी फिरवतो तिला. त्यात काय कमीपणा न्हाई."

"मैनाला मीच फिरवणार आहे," आई म्हणाली.

"आई," मी म्हणाले.

"इंगवले, गिळायचा नसतो ना?"

"गिळायचा कशाला?"

"मग खाणं कुठे झालं?" हे ती मला म्हणाली, फळ्यावरचं गणित सुटल्यावर वर्गाकडे वळावं तशी.

तिने पुडीतला एक तुकडा उचलला. अंगठ्याच्या नखाएवढा होता, मातकट, कडेला हिरवट. तिने डोळे मिटले आणि तो तोंडात घातला. पहिल्यांदा तिला उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं, खांदे वर गेले. इंगवले पुढे झाले तर तिने हाताने त्यांना थांबवलं. मग उजवा गाल जरासा फुगला. ती मैनासमोर उभी राहिली, दोन बोटं तोंडात घालून तुकडा काढला आणि तिला दिला. दुसरा घातला. तिसऱ्या वेळी मैनाने मान उचलली, आईच्या तोंडाकडे, आणि तशीच राहिली.

"आता बगा!" इंगवले ओरडले. "आता बगा मान!"

आईने मला हाक मारली. तोंडात तुकडा होता, त्यामुळे माझं नाव नीट आलं नाही. ओठाच्या कोपऱ्यात तपकिरी ओघळ होता. मी आत गेले आणि पुस्तक उघडून बसले.

संध्याकाळी ती दोनदा दात घासून जेवायला आली. माझ्या भातावर तूप वाढायला तिने चमचा उचलला. मी म्हणाले, "मी घेते." तिने चमचा परत ठेवला. आम्ही शेजारच्या पानसे बाईंच्या गुडघ्यांबद्दल बोललो, पुण्यातल्या पाण्याबद्दल बोललो. आई दोन वाट्या ताक प्यायली. इतका साधा दिवस होता तो.

रविवारी सकाळी निघण्याच्या गडबडीत कलेजीचा डबा अंगणातल्या कट्ट्यावरच राहिला. शिरोलीच्या पुढे आईच्या लक्षात आलं. तिने इंगवल्यांना फोन लावला. मैदानाच्या फाटकाशी ते उभे होते, हातात स्टीलचा डबा. "घरातनं आणली. आमच्या हिनं सकाळीच उकडून दिली. एकदम ताजी हाय बाई, काळजी करू नका."

मी कुत्र्यांचा शो पहिल्यांदाच बघत होते. मंडपाखाली टेबलं मांडली होती आणि टेबलांवर कुत्री उभी होती, हलू नयेत म्हणून गळ्यात फास, फास वरच्या लोखंडी दांडीला. एक बाई पांढऱ्या कुत्र्याच्या पायांना खडूची पावडर चोळत होती. दुसरी एका केसाळ कुत्र्याच्या पार्श्वभागावरचे केस कात्रीने गोल कापत होती आणि त्याच हाताने मधेच वडापाव खात होती. ओल्या केसांचा, मुताचा, स्प्रेचा वास एकमेकांत मिसळला होता. परीक्षक एकामागून एक कुत्र्यांचे ओठ दोन्ही हातांनी उलटे करून हिरड्या बघत. नर असला तर मागून हात घालून दोन्ही वृषणं मोजत. मग तोच हात पँटला पुसून पुढच्या कुत्र्याच्या तोंडात. मालक हसून बघत उभे. कुणालाही काही वाटत नव्हतं.

आमच्या शेजारी बेळगावकडचा एक बॉक्सर पाळणारा बसला होता, सोन्याचं कडं घातलेला. त्याने मैनाला पुढून मागून न्याहाळलं. "चांगली आहे हो कुत्री. वीण घेणार ना हिची? आमच्याकडे गेल्या खेपेला सात झाली. दोन पांढरी निघाली, म्हणजे पाचच."

"म्हणजे?" आईने विचारलं.

"पांढरी चालत नाहीत शोला. आम्ही ठेवत नाही."

"ठेवत नाही म्हणजे काय करता?"

तो हसला. "बाई नवीन आहेत," असं तो इंगवल्यांना म्हणाला.

आई त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती उठेल, आता आपण घरी जाऊ. मी पर्ससुद्धा उचलली. पण ती पंच्याने मैनाची लाळ पुसत म्हणाली, "मैनाला झाली तर मी ठेवीन पांढरी." आणि क्रमांकाची पट्टी दंडाला बांधायला तिने हात माझ्यापुढे केला. तिचा दंड घामाने ओला होता. सकाळचे दहा वाजले होते, ऊन अजून चढायचं होतं. मी पट्टी बांधली.

रिंगमध्ये चार बॉक्सर माद्या होत्या. तिघींना घेऊन उभे होते ते तिघेही पुरुष, बूट, कोट, टाय. आणि माझी आई, सुती साडी खोचून घेतलेली, पायात शाळेतल्या पीटीच्या बाईंसारखे पांढरे कॅनव्हासचे बूट. लोक हसले. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "आजी पण नोंदणीकृत आहे काय?" मी मागे वळून बघितलं नाही.

मग परीक्षकांनी पळायला सांगितलं आणि ती पळाली. वर्तुळात, मैनाला डाव्या हाताला ठेवून, पट्टा सैल सोडून. मी तिला कधी पळताना बघितलं नव्हतं. थांबल्यावर मैना चौकोनी उभी राहिली आणि तिने मान वर केली. आईच्या तोंडाकडे. शेजारच्या माद्या इकडेतिकडे बघत होत्या, एक बसली, मैना हलली नाही. इंगवले दोरीला धरून पुटपुटत होते, "अशीच. अशीच ऱ्हा माझे बाई." ते कुणाला म्हणत होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

परीक्षक जवळ आले तशी आईने दोन बोटं तोंडात घातली. शंभर माणसांसमोर. गालातून तो चघळून फिका झालेला तुकडा काढला, लाळेचा एक बारीक धागा तिच्या ओठापासून बोटापर्यंत ताणला गेला आणि उन्हात चमकला. मैनाच्या तोंडाला लोंबतो तसाच. मैनाने तो तुकडा घेतला. आईने ओठ मनगटाला पुसला आणि माझ्याकडे बघून हसली.

मी मंडपाकडे बघायला लागले. ही तुझी आई का, असं मला कुणी विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, कुणास ठाऊक.

चौघींत तिसरा नंबर आला. पिवळी फीत मिळाली. इंगवल्यांनी दोन्ही हात जोडले. "पहिल्याच खेपेला, बाई! पहिल्याच खेपेला!" आईचा चेहरा लाल झाला होता, ती धापा टाकत होती. तिने माझ्याकडे पाणी मागितलं. मी माझी बाटली दिली. ती तोंड लावून प्यायली, परत करायला लागली, तर मी म्हणाले, "राहू दे तुझ्याकडेच."

तिने बाटलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग झाकण लावून ती बाटली पिशवीत ठेवली.

परत निघालो तेव्हा तीन वाजले होते. मी गाडी चालवत होते. मैना मागच्या सीटवर घोरत होती आणि आई माझ्या शेजारी, फीत मांडीवर ठेवून.

"मळमळतंय गं," ती म्हणाली.

"मळमळणारच. आठव काय काय तोंडात घातलंस ते."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "जबडा पण दुखतोय. इथपर्यंत." तिने हात कानापाशी नेला.

"दोन तास चघळत होतीस."

"हो, तेच असेल," ती म्हणाली.

पुढे तिने गाडी थांबवायला सांगितली. मी रस्त्याच्या कडेला घेतली. ती उतरून उसाच्या बांधाशी वाकली, पण काही पडलं नाही. मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले. लहानपणी मला उलटी होताना ती एक हात माझ्या कपाळाला लावायची आणि दुसरा पाठीवर. मी रस्त्यावरची वाहनं बघत होते. ती परत आली तेव्हा तिचं पोलकं पाठीवर चिकटलं होतं.

हातकणंगल्याच्या पुढे आई आणखी एक वाक्य बोलली. मी त्याला उत्तर दिलं. मग गाडी थेट घरापाशीच थांबवली.

दार उघडल्यावर ती सरळ स्वयंपाकघराकडे निघाली. मी म्हणाले, "आधी मागे जाऊन चूळ भर. मग ये." ती वळली. मागच्या दारातून अंगणात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, चूळ भरल्याचा आला, आणखी एकदा आला. मी पंखा लावून बसले. नळ चालूच होता. मग मैना भुंकायला लागली, तिचं भुंकणं कधी थांबेल याची मी वाट बघितली. उठले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. आई धुण्याच्या दगडाशी कुशीवर पडली होती. नळाचं पाणी तिच्या पायांवरून वाहत होतं आणि मैना तिचं तोंड चाटत होती.

डॉक्टर आले. हृदय बंद पडलं, म्हणाले. त्यांनी विचारलं, "आधी काही त्रास? मळमळ, घाम, जबडा, डावा हात?"

"नाही," मी म्हणाले. "काही नाही. अचानक."

माझा भाऊ परदेशातून तिसऱ्या दिवशी आला, त्यालाही मी तेच सांगितलं. शब्दसुद्धा तेच.

पानसे बाईंचं मात्र गल्लीभर सांगून झालं होतं. "आयुष्यभर शुद्ध राहिलेल्या बाईने असलं काही तोंडात धरायचं म्हणजे! बाधणार नाही तर काय?" ते इंगवल्यांच्या कानावर गेलंच. चौथ्या दिवशी ते आले. फाटकाच्या आत आले नाहीत. चपला बाहेर काढून रस्त्यावरच उभे राहिले, म्हणून मी बाहेर गेले.

"ताई, ती कलेजी आमच्या घरची होती. शिळी न्हवती. आईची शपथ. आमी पण खाल्ली तीच." त्यांनी बंद घराकडे एकदा बघितलं. "त्यानंच झालं काय बाईंना?"

मला खरं माहीत होतं. तोपर्यंत मी सगळं वाचून काढलं होतं, बायकांना हृदयविकाराचा झटका कसा येतो ते, छातीत न दुखतासुद्धा. ते समोर उभे होते, दाढी वाढलेली, अनवाणी. आणि त्यांना बघून मला पुन्हा ते पातेलं दिसलं, तो फेस, ती दोन बोटं.

"काय सांगावं," मी म्हणाले.

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मैनाला मी नेऊ का? तुमी पुण्याला कुठं ठेवणार." मी तिचा पट्टा आणि वंशावळीचा कागद त्यांना आणून दिला. फीत दिली नाही.

दर वर्षी त्या तारखेला त्यांचा फोन येई. मैना बरी हाय, म्हणत. जेवती. म्हातारी झाली, तोंड पांढरं झालं. शोचं कधी काही बोलले नाहीत. मी विचारलं नाही. मी "बरं" म्हणे आणि फोन ठेवी.

नऊ वर्षांनी, गेल्या उन्हाळ्यात, फोन अवेळी आला. "ताई, बाईंची मैना गेली. झोपेतच गेली. तरास झाला न्हाई."

पुढच्या रविवारी मी कोल्हापूरला गेले. इंगवल्यांच्या घरी पूर्वी कधी गेले नव्हते. ते ओसरीवर बसले होते, खूप वाळले होते. सुनेने चहा आणला आणि कप माझ्या हातात देताना म्हणाली, "ह्यांना तुमीच जरा सांगा ताई. लोक किती लांबनं येत्यात, कुत्री शिकवा म्हणून. बाईंचं झाल्यापासनं एकाला हात लावला न्हाई."

"तू आत जा," इंगवले म्हणाले.

ती गेली. त्यांनी चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"मी बोलायलाच नको होतं त्या दिवशी," ते म्हणाले. "बाईंच्यात चालत न्हाई, माहीत होतं मला. तरी बोललो. कुत्रीच्या मानेपायी बोललो. नऊ वर्सं मी तिला रोज जेवाय घालत होतो आणि रोज वाटायचं, माझ्या घरच्या डब्यानं हिची मालकीण गेली. तुमी मोठ्या मनाच्या, ताई. मी विचारलं तवा काय सांगावं म्हणालात. माझ्या तोंडावर बोलला न्हाई. त्याचे उपकार हायत."

हे ऐकल्यावर मला स्वतःची जी किळस आली, तशी कशाचीच कधी आली नव्हती. मी कप खाली ठेवला.

"काका," मी म्हणाले, "तुमच्या डब्याने काही झालं नाही. गाडीत बसलो तेव्हाच आईला झटका येत होता. मळमळ, जबडा, घाम, ते सगळं हृदयाचं होतं. हातकणंगल्याच्या पुढे ती मला म्हणाली, 'शरू, मला दवाखान्यात घेऊन चल.' आणि मी म्हणाले, 'काय सांगशील तिथे? तोंडात काय धरलं होतंस ते सांगशील?' मग ती गप्प बसली. तिला लाज वाटली. दवाखान्याची पाटी मला दिसली होती, काका. मी गाडी वळवली नाही. मला माझ्या आईची किळस आली होती."